जालन्याच्या डोक्यावरचा ढग

पावसाची वाट आमच्याकडे सगळेच पाहतात. पण गडगडाटाची, विजांची, दुपारून काळंभोर होत अंगावर येणाऱ्या आभाळाची वाट पाहणारे आम्ही चौघेच होतो आणि त्यासाठी आम्हाला कुणी शहाणं म्हटल्याचं मला आठवत नाही. बायको तर तोंडावर म्हणायची, "लोकं इजेला भेतात, आन् तुमी तिला आवतन देऊन राह्यले!" मी हसून सोडून द्यायचो. ज्याला आभाळ वाचता येतं त्याने लोकांचं बोलणं मनाला लावून घेऊ नये, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

मी एमआयडीसीत एका लोखंडाच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन. गाव जालन्याच्या उत्तरेला, भोकरदन रोडवर. पहाटेची पाळी करून दुपारी मोटरसायकलवर घरी यायचं, जेवायचं आणि गच्चीवर चढायचं, हा माझा नेम. मोबाइलवर आमचा ग्रुप होता. त्यात टेंभुर्णीचे एक निवृत्त मास्तर, भोकरदनचा एक मोबाइल दुरुस्तीवाला, अंबडच्या बाजूचा एक टेम्पोवाला आणि मी. चौघांनी चार दिशांचे फोटो टाकायचे आणि त्यावर चर्चा करायची. उंच वाढणाऱ्या ढगाला आम्ही फूलगोबी म्हणायचो. त्याचा माथा पसरून सपाट झाला की ऐरण. ऐरण झाली म्हणजे वीज पक्की. गडगडाट ऐकू आला की सगळ्यांनी मुकाट्याने गच्चीवरून खाली उतरायचं, हा मास्तरांचा दंडक होता आणि तो आम्ही पाळायचो. वेडे असलो तरी तितके वेडे नव्हतो.

मास्तरांचाच आणखी एक नियम होता. 'येणार' हा शब्द फुकटात लिहायचा नाही. आधी आपल्या घरचे दोरीवरचे कपडे, गच्चीवरचे पापड, मिरच्या, जे काही उघड्यावर असेल ते स्वतःच्या हाताने आत घ्यायचं, आणि मगच लिहायचं. मास्तर म्हणायचे, "बोलायला काय लागतं? घरच्या बाईची बोलणी खायची तयारी असंल, तरच बोला." त्यामुळे चारही घरांत अर्धवट वाळलेल्या कपड्यांवरून कटकटी व्हायच्या आणि त्या आम्ही एकमेकांना मोठ्या अभिमानाने सांगायचो.

त्या वर्षी बायकोने कपाशीच्या बियाण्याचा प्लॉट घेतला. एका बियाणे कंपनीशी करार केला, तोही तिच्या एकटीच्या नावाने. तिच्या माहेरी पिढ्यानपिढ्या मेंढरं. कपाशीशी त्यांचा संबंध एवढाच, की वेचणी झाल्यावर मेंढरं पाला खायला शेतात शिरायची. माझ्या भावजयीने सगळ्यांसमोर म्हटलं, "हिला न्हाई झेपायचं." त्या एका वाक्याने बायकोच्या डोक्यात प्लॉट पक्का बसला.

संकरित बी करायचं म्हणजे फुलांची लग्नं हाताने लावायची. उद्या उमलणारी कळी आज दुपारून सोलायची, तिच्यातले नराचे केसर नखाने काढून टाकायचे आणि वर लाल कागदाची टोपी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी काढून दुसऱ्या वाणाच्या फुलाचा पराग तिला लावायचा. रात्रीतून किंवा सकाळी पाऊस झाला तर पराग भिजतो, सोललेली कळी वाया जाते आणि बायांची मेहनतही. पावसाच्या धाकाने कळी सोललीच नाही, तर ती सकाळी आपली आपण उमलते. तिचं बी कंपनीला चालत नाही, म्हणून ती खुडून फेकावी लागते. म्हणजे कसंही केलं तरी नुकसान, आणि रोज दुपारी एकच सवाल: आज सोलायच्या का नाही?

हा सवाल ती मला विचारायची. घरात आभाळाचा एवढा मोठा जाणकार असताना दुसऱ्या कुणाला कशाला विचारेल?

भादवा लागला आणि पावसाने दडी मारली. वारा पडला. असा गदगदून उकाडा सुरू झाला, की बरणीतल्या मिठाला पाणी सुटलं आणि काडेपेटीतली काडी ओढली की गुलच निघून यायचा. पाळी संपवून भट्टीजवळून निघावं, तर घरी दुसरी भट्टी तयार. गाव कावून गेलं होतं. आम्हा चौघांची मात्र दिवाळी होती. एवढी वाफ हवेत आहे म्हटल्यावर आज ना उद्या ती फुटणारच, ऐरणीवर ऐरण उभी राहणार, उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत विजा नाचणार. हे ज्ञान खरं होतं. फक्त ते कधी, एवढंच काय ते ठरायचं बाकी होतं.

एका दुपारी भोकरदनकडे दोन-तीन फूलगोब्या वर आल्या. मी कपडे आत घेतले, ग्रुपवर 'येणार' लिहिलं आणि बायकोला सांगितलं, "आज सोलू नको." तिने बायांना परत पाठवलं. रात्रभर चांदणं पडलं. सकाळी सगळा प्लॉट पिवळसर पांढऱ्या फुलांनी भरून गेला होता. इतका देखणा, की पाहत राहावं. ती सगळी फुलं तिने आणि बायांनी खुडून बांधावर टाकली. ती मला एका शब्दाने बोलली नाही.

चार दिवसांनी पुन्हा तेच झालं. पुन्हा फूलगोबी, पुन्हा माझं 'येणार', पुन्हा चांदणं आणि पुन्हा बांधावर फुलांचा ढीग. या वेळी मात्र ती बोलली. "आमच्या माह्येरी, लांडगा आला म्हणून सारखं वरडणाऱ्याला मेंढरामागं धाडत न्हाईत."

त्यानंतर तिने मला विचारणं बंद केलं. दुपारी मी घरी यायच्या आतच ती बायांना घेऊन कामाला लागलेली असायची. मला ते फार लागलं. जेवताना ताटात भाकरी पडायची, कोरड्यास पडायचं, पण तो सवाल पडायचा नाही. उणीव कशाची, हे मला नीट ठाऊक होतं. माहिती कमी नव्हती. मी आभाळाकडे पाहताना अर्धं आभाळ पाहायचो आणि अर्धी माझी हौस. दुसऱ्या कुणाला हे कळलं नसतं. मला कळलं, म्हणूनच मी स्वतःला जाणकार म्हणतो.

गावाला पाऊस हवा होता आणि बायकोला तेवढे दिवस नको होता. विहिरीला पाणी होतं, तिचा प्लॉट ठिबकवर तगून होता. शेजारच्या बाया तिला चिडवायच्या, "तुह्या लाल टोप्या पाहून पाऊस वापस चालला बाई!" ती हसायची, पण आतून टेकीला आली होती. कारण कंपनीचा माणूस येऊन स्पष्ट सांगून गेला होता, की दोनदा बरीच फुलं गेलीत. आता या आठवड्याची साधली तर प्लॉट जमला, नाही तर पुढच्या वर्षी करार दुसऱ्या कुणाला.

त्याच आठवड्यात एके दिवशी मी पाळीहून घरी आलो. पाहतो तर बाया प्लॉटच्या कडेला लिंबाखाली चहा पीत बसलेल्या, एकही कळी अजून सोललेली नाही. मी गच्चीवर गेलो आणि मोबाइल उघडला. टेम्पोवाल्याने अंबड रोडवरून, जालन्याकडे तोंड करून फोटो टाकला होता. शहराच्या डोक्यावर एक अजस्र पांढरी फूलगोबी उभी होती, कडा उन्हाने चकाकत होत्या आणि माथा पसरायला लागला होता. खाली त्याने लिहिलं होतं, 'जालन्याच्या डोक्यावर! वाढूनच राह्यला!' टेंभुर्णीहून मास्तरांचं आलं, 'पापड उचलले. येणार.' भोकरदनवाल्याने दुकानापुढची ताडपत्री ओढल्याचा फोटो टाकून खाली 'येणार' लिहिलं.

खोटं कशाला सांगू, माझ्या अंगावर काटा आला. मी दक्षिणेला पाहिलं. तोच ढग मला दुसऱ्या बाजूने दिसत होता. माझं बोट 'ये' लिहून पुढे सरकलंही होतं.

मग मी थांबलो आणि पुन्हा पाहिलं. ढगाचं बूड आभाळात असतं, सपाट आणि अधांतरी. याचं बूड थेट जमिनीत गेलं होतं आणि तिथे त्याला मळकट तपकिरी रंग होता. वर जाणारा लोटही एकसारखा नव्हता, थांबून थांबून उमाळे यायचे. तसे उमाळे मी वर्षानुवर्षं पाहत आलो आहे. भट्टीत भंगार पडलं की येतात तसे. आठवडाभर आमच्या भागातली विजेची मोठी लाइन दुरुस्तीला होती, आमचा आणि शेजारचे असे सगळे कारखाने बंद होते. त्या दिवशी पहाटे लाइन आली आणि सगळ्या भट्ट्या एकदम पेटल्या. वारा नाही, हवेत वाफ भरलेली, मग धूर जाणार कुठे? तो सरळ वर चढला आणि तिथेच फुगून बसला. आख्खा ग्रुप ज्याला ढग म्हणून नाचत होता, तो धूर सोडणाऱ्या आमच्या भट्टीचा मेन स्विच मी स्वतःच्या हाताने वर केला होता.

जालन्याच्या माणसाला हा धूर नवा नाही. रस्त्यावरच्या कुठल्याही भाजीवाल्याने एका नजरेत सांगितलं असतं, "कारखाने चालू झाले वाटतं." त्याला ऐरण समजायला आमच्यासारखे आभाळाचे अभ्यासकच लागतात.

एवढ्यात जिन्यात पावलं वाजली. बायको वर आली. ती सहसा गच्चीवर येत नसे. मास्तर भला माणूस. प्लॉटची काळजी वाटून त्यांनी थेट तिलाच फोन केला होता, "ताई, आज सोलू नका, येणार हाये." म्हणून बाया लिंबाखाली बसल्या होत्या.

"मास्तर म्हंतेत येणार," ती म्हणाली. "तुमी काय म्हंता?"

किती दिवसांनी तिने विचारलं होतं. माझा जीव सुपाएवढा झाला, पण आवाज मी साधाच ठेवला.

"न्हाई येत. सोल तू."

"तुमाला तर रोज येताना दिसतो. आजच काहून न्हाई?"

"कारण त्यो ढग मीच सकाळी चालू करून आलो."

तिने कपाळावर हात धरून दक्षिणेकडे पाहिलं. मग म्हणाली, "धूर हाये व्हय?"

"धूर. बाकीचं आभाळ पाह्य, मेल्यावानी पांढरं पडलंय. पानसुद्धा हालून न्हाई राह्यलं."

"मंग मास्तरांना कसा ढग दिसला?"

"मनी वसे ते स्वप्नी दिसे. त्यांना लई दिवसांपासून पाह्यजे."

ती माझ्याकडे वळली आणि आभाळ पाहावं तसं तिने माझं तोंड पाहिलं. "आन् तुमाला? तुमाला न्हाई पाह्यजे?"

"लई पाह्यजे," मी म्हटलं. "आत्ता पाह्यजे."

"मंग बराबर सांगून राह्यले तुमी," ती म्हणाली आणि जिन्यातूनच ओरडली, "उठा गं बायांनो! जल्दी!"

मी ग्रुपवर लिहिलं, 'धूर आहे. आमच्याच भट्टीचा.' टेम्पोवाल्याने कबूल केलं, की पुढे आल्यावर वासावरून त्यालाही शंका आली होती. मास्तरांनी पापड पुन्हा वाळत घातले आणि मास्तरीण काय म्हणाल्या हे मात्र त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी एक गोष्ट घडली, ती मी ग्रुपवर कधी लिहिली नाही. दिवेलागणीला उत्तरेकडे, अजिंठ्याच्या डोंगरांवर खरोखरच वीज लवली. आवाज नाही, नुसता उजेड. एरवी मी उड्या मारल्या असत्या. त्या दिवशी मी कठडा धरून उभा राहिलो आणि मनापासून म्हणालो, "तिकडंच जा बाबा. पाया पडतो, तिकडंच जा." खाली प्लॉटमध्ये अंधार पडत होता तरी लाल टोप्या अजून दिसत होत्या. वीज तिकडेच गेली.

सकाळी मी सुट्टी टाकली आणि बायांबरोबर पराग लावायला उभा राहिलो. पानं खडखडीत कोरडी होती. बायको सरीतून पुढे पुढे जात होती, टोपी काढ, पराग लाव, खुणेचा दोरा बांध, आणि मागे वळून पाहत नव्हती. तिला काय वाटत होतं ते तिच्या हातांच्या वेगावरून कळत होतं. त्यानंतर आठवडाभर रोज दुपारी मी गाडी लावायच्या आत ती दारात उभी असायची. "आज?" मी गच्चीवर जाऊन चारही दिशा पाहायचो आणि खाली येऊन सांगायचो. एकदाही चुकलो नाही. हे फुशारकी म्हणून नाही सांगत, बरं, फुशारकी म्हणूनच सांगतो. प्लॉट जमला. कंपनीच्या माणसाने पुढच्या वर्षाच्या करारासाठी तिला विचारून तिचंच नाव लिहून घेतलं, तेव्हा भावजय आमच्याच ओट्यावर बसली होती.

शेवटच्या कळीला पराग लागला, त्या दुपारी बायको दोन कप चहा घेऊन गच्चीवर आली. उकाडा तसाच होता. तिची नखं केसर काढून काढून पिवळी पडलेली. आता बोंडं भरायला पाऊस हवा होता, तिलाही.

"आज?" तिने विचारलं.

मी चारही बाजूंना पाहिलं. "न्हाई."

"बराबर पाहा ना. भोकरदनकडं काळं दिसून राह्यलं."

ती धुळीची रेघ होती. मी तसं सांगितलं.

"धूळ एवढी काळी असती व्हय? त्याच्यावर पाहा, फुगून राह्यलंय."

"काहीच न्हाई तिथं," मी म्हटलं. "खरं सांगून राह्यलो."

"खरंच सांगून राह्यले तुमी, मला माहिती हाये," ती म्हणाली. मग चहाचा कप कठड्यावर ठेवला आणि उत्तरेकडे तोंड करून तिथेच मांडी घालून बसली. "पण मी जरा पाहते."