कागदावरची सात माणसं

छावणीत टांगलेला लोखंडी रूळ पहाटे चारला वाजायचा. तोवर लायटोनीची करवत कानसून झालेली असे. विस्तवाच्या उजेडात तो एकेक दात अंगठ्याने चाचपून बघायचा. उभ्या आयुष्यात मी सहा जणांबरोबर करवत ओढली. ज्याला कधी उठवावं लागलं नाही असा हा एकटाच.

न्चिसीच्या डोंगरात वन खात्यासाठी आम्ही ओंडके फाडायचो. वरचा माणूस ओंडक्यावर उभा, खालचा खड्ड्यात. वरच्याने रेष सांभाळायची, खालच्याने ओढायचं आणि डोळ्यांत भुसा घ्यायचा. लायटोनी वरचा, मी खालचा. दिवसाला आठ फळ्या, त्याही सरळ, एवढं झालं की काम झालं.

तो ब्रह्मदेशातल्या लढाईवरून परतल्याला वर्ष झालं होतं. त्या वर्षात त्याची रेष सरकली नाही. सत्तेचाळीस सालच्या जूनमध्ये, एका शुक्रवारी सरकली. अंगठाभर.

"काय रे, झोपलास काय उभ्या उभ्या?" मी खालून विचारलं.

"ओढ तू."

"काय ओढू? फळी गेली."

तो ओंडक्यावर बसला. "काल बोमाच्या कचेरीतून शिपाई आला होता. मला गोऱ्यांच्या राजाचं पदक मिळणार. गुरुवारी जिल्ह्याचा साहेब गावात येऊन लावणार."

"मग तोंड असं का केलंस? आम्हाला बिअर पाजावी लागेल म्हणून?"

"साहेब कागद वाचणार आहे, फुलाये. मोठ्याने. मी तिकडे काय केलं ते. आणि दुभाष्या ते आपल्या भाषेत सांगणार."

माझं हसू तिथेच राहिलं.

लढाईवरून आलेल्याला आमच्याकडे वेशीवरच विचारतात, माणूस मारलास का? हो म्हणाला तर त्याला वेशीबाहेरची झोपडी. जेवणात मीठ नाही, बायकोला शिवायचं नाही, कुणाच्या हातात हात द्यायचा नाही. वैद्य येतो आणि मेलेल्या प्रत्येकासाठी वेगळं धुतो. धुताना तो माणूस कसा मेला ते तोंडाने सांगावं लागतं. हे न करता जो घरात शिरतो, त्याची धग घरावर पडते. पहिलं मरतं ते पोटातलं मूल. कधी बरोबर आईही जाते. मी हे दोनदा पाहिलं आहे.

लायटोनी वेशीवर म्हणाला होता, "नाही. आम्ही ओझी वाहिली." आमच्यात जावई बायकोच्या गावात राहतो, आणि तिथे तिच्या मामांचा शब्द चालतो. चिसालेमामांनी त्याचं ऐकून त्याला आत घेतलं होतं. आता म्वांदिदाला, त्याच्या बायकोला, आठवा महिना होता.

"किती?" मी विचारलं.

"कागदावर सात."

मी खड्ड्यातून वर आलो नाही. वर्षभर मी त्याच्याच भांड्यातून खात होतो.

"खोटं का बोललास?"

"खरं बोललो असतो तर सगळं सांगावं लागलं असतं."

शनिवारच्या आठ फळ्या त्याने उन्हं चढायच्या आत पुऱ्या केल्या आणि बोमावर चालत गेला. पदक नको म्हणाला. कारकून हसला. "राजाला नाही म्हणतोस? आधी डोकं दाखवून ये." मग तो दुभाष्याकडे गेला. निदान आकडा गाळ, म्हणाला. दुभाष्याने मान हलवली. "साहेबाला आपली भाषा कळते, बाबा. मी एक माणूस कमी केला की माझी नोकरी गेली."

मंगळवारी म्वांदिदाचे पाय सुजले. तोंडही सुजलं. आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं, पहिली खूण सूज.

त्याच संध्याकाळी तो मामांकडे गेला. एकट्याने जायचा धीर नव्हता, म्हणून मला नेलं. मामा टोपली विणत होते.

"मामा, मी वेशीवर खोटं बोललो."

"कोणत्या वेशीवर?" हात चालूच होता.

"लढाईवरून आलो तेव्हा."

हात थांबला. "किती?"

लायटोनी म्हणाला, "आठ."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

"माझ्या भाचीला वर्षभर आठ माणसांच्या शेजारी झोपवलंस," मामा म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं. मग माझ्याकडे वळले. "आणि तू रे, करवत्या? तुला ठाऊक होतं?"

"शुक्रवारपासून, मामा."

"आणि तू भुसा खात बसलास." ते उठले. "ऊठ, जावई. घराकडे बघायचं नाही. सरळ वेशीबाहेर."

त्या रात्री सासूने घरातली बाटलेली मडकी एकेक करून फोडली. झोपडीपर्यंत आवाज येत होता. लायटोनी मोजत होता.

गुरुवारी मामांनी त्याला तासापुरतं मैदानात उभं राहू दिलं, सगळ्यांपासून लांब. साहेबाने वाचलं, दुभाष्याने सांगितलं. एकट्याने मशीनगनवर चालून गेला. सात शत्रू मारले. कुणी टाळी वाजवली नाही. पदक लावताना साहेबाची बोटं शर्टाला लागली, तशी मागच्या बायकांनी पोरं कडेवर उचलली. साहेबाने हात पुढे केला. लायटोनीने दोन्ही हात पाठीमागे घेतले. साहेब लाल झाला.

"हाताला लागलंय त्याच्या, साहेब," गावप्रमुख घाईने म्हणाला.

त्याच संध्याकाळपासून वैद्य येऊ लागला. एका संध्याकाळी एक माणूस. दिवसा लायटोनी माझ्याबरोबर करवतीवर असे, कारण लाकडाला धग लागत नाही असं मामा म्हणाले. काम घटू दिलं नाही. मक्याच्या पिठाचा अळणी न्सिमा मीच नेऊन द्यायचो आणि झोपडीमागे बसून राहायचो. सात जण त्याने कानस फिरवावी तसे सांगितले, एका लयीत.

आठव्या संध्याकाळी लय मोडली.

"तो हात वर करून उभा होता," लायटोनी म्हणाला. "सगळं संपलं होतं. मी दमलो होतो."

"केवढा होता?" वैद्याने विचारलं.

"मिसरूड नव्हतं."

मग पाणी ओतल्याचा आवाज आला.

आठही धुऊन झाल्यावर त्याला वेशीच्या आत घेतलं. त्यानंतर चौथ्या दिवशी म्वांदिदाला कळा सुरू झाल्या. दोन दिवस चालल्या. आम्ही अंगणात बसलो होतो. मामा लायटोनीकडे पाठ करून. आतून एकदा कुणीतरी धावत बाहेर आलं आणि पाणी घेऊन आत गेलं. लायटोनी काटकीने जमिनीवर सरळ रेषा ओढत होता.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना मूल रडलं. मुलगी. आईही जगली.

"आवाज तरी आहे," मामा म्हणाले आणि पहिल्यांदा त्याच्याकडे तोंड करून बसले.

पदकाबरोबर सरकारने थोडे पैसे पाठवले होते. मामांनी ते घरात येऊ दिले नाहीत. त्या हंगामाच्या पगारात लायटोनी सायकल घेणार होता. त्यातून वैद्याची काळी बकरी आली, सासूची मडकी आली, आणि मेलेल्या एकेकासाठी एक अशा आठ कोंबड्या.