बाबांनी घेतलेली तालीम

अवि, आपण नायजेरिया सोडलं तेव्हा तू चार वर्षांचा होतास, तुला आठवत नसेल. कडुनातल्या शाळेतली बाबांची गणिताच्या मास्तरांची नोकरी संपली होती. अंगणात गाडी उभी, आई शेजारच्या हौवामावशीच्या गळ्यात पडून रडतेय आणि बाबा बॅगांची कुलपं पुन्हा पुन्हा ओढून बघताहेत. मी अकरा वर्षांची. माझा जन्मच तिथला. मला कळेना, ‘घरी’ चाललोय म्हणजे नक्की कुठे?

साताऱ्यात शाळेतल्या मुलींनी आफ्रिकेवरून इतकं चिडवलं की मी रडत घरी आले. बाबा म्हणाले, "तिकडचं इथे काढायचं नाही. लोकांना हसायला निमित्त मिळतं."

मी किती आज्ञाधारक! ह्यांच्या बँकेच्या बदलीने कोलकात्याला आले आणि इथलीच झाले. तीन कादंबऱ्या लिहिल्या, इथल्या मराठी मंडळासाठी दर गणपतीत नाटक लिहिलं, आणि सगळ्यांत सातारा. कडुना एका ओळीतही नाही. लेखिका म्हणवते, पण पक्की घाबरट.

यंदा पन्नाशी उलटल्यावर हिंमत केली. नाटकात तेच अंगण, तीच हौवामावशी. आणि नेमके बाबा इथे कोलकात्याच्या न्यू टाउनमध्ये माझ्याकडे राहायला आलेले. तालीम आमच्याच हॉलमध्ये, त्यांच्यापासून लपवणार कसं?

मंडळाची मुलं इंग्रजी अक्षरांत लिहून घेतलेलं मराठी बंगाली सुरात म्हणत होती. हौवामावशी झालेली मुलगी आत आली आणि तिने थेट साखर मागितली. बाबा खुर्चीतून उठले. मला वाटलं, झालं, आता नाटक बंद.

"असं नाही," ते तिला म्हणाले. "तिथे आधी विचारायचं, रात्र कशी गेली, मुलं बरी आहेत ना, थकवा कसा आहे. मग साखर."

आणि चक्क तिथल्या हौसा भाषेत म्हणून दाखवलं, इना क्वाना, इना गाजिया. चाळीस वर्षांत त्यांच्या तोंडून न ऐकलेले शब्द असे घडाघडा! मुलांकडून दहादा घोकून घेतले.

नंतर चहा घेताना मला म्हणाले, "मला वाटायचं, तू सगळं विसरलीस."

"तुम्हीच सांगितलं होतंत ना, बाबा?"

"सांगितलं होतं. पण इतकी वर्षं ऐकत बसशील असं नव्हतं वाटलं."

मला हसू आलं आणि रडूही आलं. घर कुठलं असं आता विचारशील, तर माझं घर या हॉलमध्ये आहे. संध्याकाळी मुलं जमतात, बाबा खुर्ची पुढे ओढतात आणि रोज त्यांना कडुनाचं काहीतरी नवीन आठवतं. ते मला लिहावंच लागतं. नाटक लांबत चाललंय. लांबू दे.