उजवीकडचा स्पीकर

मधुकर थूल गेल्याची बातमी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आली, तेव्हा मी ती आधी खरी मानलीच नाही. झेंडूच्या हारातला फोटो, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’... असले फोटो हल्ली कोणीही कोणाचेही बनवतं. मी तिघांना फोन केले, चौथा त्याच्या मुलीला. ती नुसती रडली, तेव्हा कुठे खात्री पटली. चाळीस वर्षांच्या मित्राचं मरणही मी पडताळून घेतलं, असा मी माणूस. नोकरी वजनमापे खात्यात निरीक्षकाची. हिंगणघाटपासून आर्वीपर्यंत दुकानदारांचे काटे तपासण्यात हयात गेली, आणि निवृत्त झालो तरी ती खोड काही गेली नाही.

मधुकर आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचा, राहायला बोरगाव मेघेला. भारीतले स्पीकर हे त्याचं वेड. ओळखीत कोणाला घरी चांगले स्पीकर घ्यायचे झाले की मधुकरला पुढे घालायचं, हे ठरलेलं. त्याची एक रीत होती. दोन स्पीकरांसमोरच्या मधल्या खुर्चीत तो स्वतः कधी बसत नसे. ज्याच्यासाठी घ्यायचे त्याला तिथे बसवायचा, गाणं लावायचा आणि बाजूला उभा राहून त्याच्या तोंडाकडे पाहत राहायचा. कपाळाला आठी पडली, मान कलली, की स्पीकर बोटभर हलवायचा, पुन्हा पाहायचा. मला ही रीत पहिल्यापासून खटकायची. ज्याला एवढं कळतं तो स्वतः बसून का ऐकत नाही?

निवृत्तीनंतर मी स्पीकर घ्यायचे ठरवले ते सुलभासाठी, माझ्या पत्नीसाठी. ती शाळेत गाणं शिकवायची, आणि अजूनही सिंदी मेघेच्या आमच्या घरी मुली तिच्याकडे पेटी शिकायला येतात. मधुकर आम्हाला नागपूरला घेऊन गेला. दुकानात पाय ठेवताच मालकानं ‘‘आइये, थूल सर’’ म्हणत जे स्वागत केलं, तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. मधुकरनं स्पीकरच्या सगळ्या जोड्यांपुढे पातळ चादर धरायला लावली, म्हणजे कंपनीचं नाव पाहून कान फसायला नको. सुलभाला खुर्चीत बसवलं. माझा जीव छातीएवढ्या उंच, चकचकीत जोडीवर जडला होता. ती त्यानं झटक्यात बाद केली.

‘‘काऊन बे? केवढा दणदणीत आवाज हाये!’’

‘‘म्हनूनच. तुह्या खोलीत तो नुसता घुमन. गानारी बाई मांगं राहीन आन् तुले तबलाच आयकू येईन.’’

स्टँडवर ठेवायची लहान जोडी त्यानं पसंत केली. मला वाटलं, याचं दुकानदाराशी नक्की साटंलोटं आहे. पुढच्या आठवड्यात मी एकटाच नागपूरला जाऊन आलो आणि दुकानातल्या माणसाला आडून आडून विचारलं. ‘‘सर तो चाय भी अपने पैसे की पीते हैं,’’ तो म्हणाला. यानं शिकवून ठेवलं असेल, असं मनाशी म्हणत मी परत आलो.

स्पीकर लावायला मधुकरनं अख्खी सकाळ घेतली. सुलभा खुर्चीत, तो तिच्याकडे पाहत उभा. मध्येच मला त्यानं जाड वायर आणायला बाजारात पिटाळलं. परतलो तर दोघं बोलता बोलता गप्प झाली, आणि पाहतो तो काय... उजवीकडचा स्पीकर चांगला वीतभर पुढे ओढलेला, तोंड खुर्चीकडे वळवलेलं, डावीकडचा पार भिंतीशी. स्टँडच्या पायांभोवती खडूच्या खुणा. मी मोजायची टेप काढली.

‘‘हे वाकडं हाये, मधुकर.’’

‘‘असू दे. तुही टेप खिशात ठेव.’’

‘‘तुलेच एका कानानं कमी आयकू येते. म्हनून तू खुर्चीत बसत नाईस. तुह्या कानाच्या मापानं माह्या घरात स्पीकर लावून राह्यला तू!’’

मधुकरनं सुलभाकडे पाहिलं. ती खाली मान घालून कपबश्या उचलू लागली. ‘‘असन बाप्पा तसंच,’’ एवढंच म्हणून त्यानं पेचकस पिशवीत टाकला आणि गेला. त्याच संध्याकाळी मी दोन्ही स्पीकर टेप लावून सुतात आणले, आणि खडूच्या खुणा ओल्या फडक्यानं पुसून टाकल्या.

तो पुन्हा आमच्या घरी आला नाही. दोन वर्षांत कधी लग्नात, कधी पवनारच्या बसथांब्यावर गाठ पडे. दर वेळी एकच विचारायचा, ‘‘वहिनी आयकते ना गानं?’’ मला त्याचाही संशय यायचा. माझी नव्हे, माझ्या बायकोची चौकशी याला कशाला?

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आम्ही दोघं गेलो होतो. बुद्धवंदना झाली, निघताना त्याच्या पत्नीनं, प्रभावहिनींनी, सुलभाचा हात धरला. ‘‘आता तरी भाऊजीले सांगून टाका. यायनं जीव गेला तरी कोनाले सांगतलं नाई.’’ ऑटोनं घरी पोहोचेपर्यंत माझ्या मनात काय काय आलं, ते इथे लिहायची लाज वाटते.

‘‘मले उजव्या कानानं आयकू येत नाई,’’ घरात शिरताच ती म्हणाली. ‘‘चार वर्षं झाली. मधुकरभाऊच्या पाच मिनिटांत ध्यानात आलं. मीच त्यायले शपथ घातली. प्रभावहिनीलेबी मंग मीच सांगतलं.’’

‘‘मले काऊन नाई सांगतलं?’’

‘‘तुम्ही रोज माह्या कानाची तपासनी केली असती. आन् पोरींच्या आईबापाले समजलं असतं, तं माह्यापाशी पेटी शिकाले कोनं पाठवलं असतं?’’

मी स्पीकरांकडे पाहत विचारलं, ‘‘मी स्पीकर सरळ केले, त्याच्यानंतर?’’

‘‘तवापासून गानारी बाई डाव्या भिंतीतूनच गाते.’’

ज्या घरात ते कमी ऐकू येणारं माणूस बसलं होतं, त्याच घरात, तिच्यादेखत, मी मधुकरला बहिरा म्हणालो. त्यानं ते स्वतःवर घेतलं. एक शब्द बोलला असता तर मी तोंडघशी पडलो असतो आणि मैत्रीही वाचली असती... पण तिला दिलेला शब्द त्यानं मोडला नाही. माझं चुकलं, मधुकर. हे तुला सांगायला मला दोन वर्षं होती, आणि ती मी तुझ्यावर संशय घेण्यात घालवली.

खुणा तर मीच पुसल्या होत्या. आता रोज सकाळी, मुली यायच्या आधी, मी सुलभाला खुर्चीत बसवतो, गाणं लावतो आणि उजवीकडचा स्पीकर हातानं सरकवतो. टेप कपाटात पडून आहे. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, ‘‘बस, इथंच होता.’’ पण तिची मान उजवीकडे वळलेली होती, डावा कान पुढे आलेला. ती मान मी वर्षानुवर्षं पाहत होतो आणि गाण्यात रंगली आहे असं समजत होतो. मी स्पीकर आणखी बोटभर ओढला. तिसऱ्या आठवड्यातही नेमकी जागा सापडलेली नाही. ती ‘‘पुरे’’ म्हणते, मी पुरे करत नाही. आमच्या लग्नाला सदतीस वर्षं झाली. इतका वेळ तिच्या तोंडाकडे मी याआधी कधी पाहिलं नव्हतं.