मोहाखालची झाडलोट

वनरक्षक म्हणून नोकरीला लागले तेव्हा जंगल म्हणजे वाघ आणि सागवान, एवढंच माझ्या डोक्यात होतं. चिमूरच्या बाजूच्या बीटमध्ये, म्हणजे माझ्याकडे सोपवलेल्या जंगलाच्या तुकड्यात, इतके उन्हाळे काढल्यावर आता जंगल म्हटलं की पाचोळा आठवतो. थंडी सरली की गळायला लागतो आणि पाऊस पडेपर्यंत तो पेटू नये म्हणून राखण करणं हीच माझी नोकरी.

आग अडावी म्हणून आम्ही जाळरेषा काढतो. रस्त्याच्या कडेने रुंद पट्टा तोडून साफ करायचा आणि तिथला पालापाचोळा आपणच आधी जाळून टाकायचा. हे काम ऊन तापायच्या आत व्हायला हवं. निधी मात्र मार्च सरत आला की येतो, आणि सोबत ‘महिनाअखेर खर्च करून टाका’ असा निरोप. मी सांगतेय त्या वर्षी तर मार्च अर्धा झाला तरी रस्त्याकडची रेषा तोडायचीच राहिली होती.

गावाकडून येणाऱ्या आगीचं कारण वेगळं. मोहफुलं वेचायला सोपी जावीत म्हणून बाया झाडाखालचा पाचोळा पेटवून देतात. वारा सुटला की ती आग पुढे पळते. म्हणून त्या वर्षी जानेवारीतच मी गावात बैठक घेतली आणि म्हटलं, यंदा जाळू नका, झाडून घ्या. ऑफिसकडून झाडाखाली बांधायच्या जाळ्या येणार आहेत, फुलं जाळीतच पडतील.

एक बाई मागून उठली. पन्नाशी ओलांडलेली, नवरा वारलेला, मोह आणि तेंदूपत्ता यांवर तिचं वर्ष चाले. ती म्हणाली, “गार्डबाई, जाळलं का जमीन मोकळी दिसते. झाडत बसलो त पाठ जंगलाकडे होते. मांगून वाघ आला त?”

तिच्या जावेला दोन पावसाळ्यांपूर्वी वाघाने नेलं होतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मी म्हटलं, “जाळ्या येईपर्यंत मी तुमच्या मागे उभी राहते.”

“रोज?”

“रोज.”

ती बसली. तिने मान डोलावली तशी बाकीच्याही तयार झाल्या.

मोह गळायला लागला. जाळ्या आल्या नाहीत. मी पहाटे फटफटायच्या वेळी त्यांच्याबरोबर जायची. बाया वाकून खराट्याने पाचोळा ओढायच्या आणि मी काठी घेऊन त्यांच्या पाठीशी उभी. एका झाडाखाली जेवढा वेळ लागे तेवढ्यात एरवी तीन झाडं वेचून होत. कंबर धरून ती बाई मधेच सरळ व्हायची आणि विचारायची, “जाळ्या कुठी आल्या, गार्डबाई?” मी म्हणायची, येतील. काही दिवसांनी तिने विचारणं सोडलं. ते मला जास्त जड गेलं.

मग एका दुपारी मोबाइलवर उपग्रहाचा मेसेज आला. माझ्याच बीटमध्ये आग. ती गावाकडून आली नव्हती, रस्त्याकडून आली होती. कोणी विडी फेकली की आणखी काही, ते आजवर कळलं नाही. जाळरेषा असती तर तिथेच थांबली असती. पाचोळा उडवून आग अडवणारा ब्लोअर होता, पण पेट्रोल दिवसाच्या गस्तीपुरतंच मिळायचं, ते थोड्याच वेळात संपलं. दोन हंगामी मजूर आणि मी, पळसाच्या फांद्या तोडून झोडपत सुटलो. धुराने डोळे उघडत नव्हते. तेवढ्यात मागून बायांचा आवाज आला. धूर बघून त्या स्वतःच आल्या होत्या.

“तुम्ही मागे व्हा,” मी ओरडले.

“आमचे मोह हायेत तिकडं!” ती बाई म्हणाली आणि माझ्या पुढे गेली.

संध्याकाळपर्यंत आग विझली. पण विझलेल्या राखेत एक जुनं खोड आतून जळत होतं. खोड जळून झालेल्या खळग्यात त्या बाईचा पाय गेला. घोट्यापर्यंत भाजला.

दवाखान्यात मलमपट्टी झाली. दुसऱ्या दिवशी तिला काही भरपाई मिळावी म्हणून मी रेंज ऑफिसात गेले. आमचे साहेब निवृत्तीला आलेले, माणूस वाईट नव्हता. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढला, डोळे चोळले.

“ती आपली मजूर नाही ना,” ते म्हणाले. “मजूर असती तर काहीतरी करता आलं असतं. हा खर्च कोणत्या हेडमध्ये टाकू, सांग?”

“ती आपलंच जंगल विझवत होती, सर.”

“मला समजत नाही का? लिहितो मी वर.”

त्यांनी खरंच लिहिलं. ते निवृत्त झाले तोवर काही आलं नव्हतं.

तिचा मोहाचा उरलेला हंगाम गेला, त्यामागून तेंदूही गेला. मी अधूनमधून जायची. ती खाटेवर पाय लांब करून चिंचा फोडत बसलेली असायची. माझ्यावर रागावली नाही. चहा ठेवायला सुनेला सांगायची. पावसाळ्यात जाळ्या आल्या, तेव्हा मी त्या पोचवायला गेले. तिने हात लावून बघितलं आणि म्हणाली, “चांगल्या हायेत.” बस, एवढंच.

पुढच्या जानेवारीत वरून पुन्हा आदेश आला, गावात बैठक घ्या. मी आधी तिच्या घरी गेले. म्हटलं, “बाई, यंदा काय करायचं?”

“मी झाडीन,” ती म्हणाली. “माह्या झाडाखाली मी आग लावणार नाई. पण दुसऱ्याईले सांगाले मले लावू नोको. मागच्या साली माह्या तोंडाकडे पाहून त्याईनं ऐकलं.”

बैठकीला ती आली नाही. मी एकटीच बोलले. बायांनी ऐकून घेतलं, काहींनी जाळ्या बांधल्या, काहींनी मोह गळायला लागताच पाचोळा पेटवला. मला कोणावर गुन्हा नोंदवावासा वाटला नाही, तरी एकीवर नोंदवावा लागला. तेव्हापासून गुन्हा नोंदवलेल्या त्या बाईच्या घरचे माझ्याशी बोलत नाहीत.

यंदा निधी वेळेत आला, पण अर्ध्याच जाळरेषेपुरता. गेला आठवडाभर आम्ही ती तोडतो आहोत. रस्त्याकडची की गावाकडची, कुठली बाजू सोडायची, हे नव्या साहेबांनी माझ्यावर टाकलंय. उद्या सकाळी मजुरांना सांगावं लागेल.