चुड्याची पेटी आणि रंभाजीची बैलं

नगर सोडलं तेव्हा माझ्या लॉरीत मिठाची पोती होती आणि एक लाकडी पेटी. पेटीला बिलगून बसले होते गेवराईचे कासार, गणपतमामा. आत भाताच्या पेंढ्यात बसवलेला हिरवा चुडा होता, तोही त्यांच्याच मुलीचा. रेल्वेने माल तीन दिवस उशिरा पोचला होता. आज दिवेलागणीला चुडा भरायचा, उद्या लग्न. साऱ्या गावाला बांगड्या भरणाऱ्याच्या लेकीचेच हात रिकामे राहिले, तर मामांना तोंड दाखवायला जागा नव्हती.

त्यातून लग्नाची बांगडी फुटणं म्हणजे केवढा अपशकुन! मामा तर ‘फुटली’ म्हणतच नसत, ‘वाढली’ म्हणत. प्रत्येक खड्ड्याला त्यांचं आपलं, “हळू रे बाबा!”

“मामा, ही लॉरी आहे, पालखी नव्हे!” मी वैतागून म्हणालो.

निजामाच्या हद्दीवर करोडगिरीचा नाका (जकातनाका) लागला. शिपायाने पेटी उघडून आत हात घातला, तसे मामांनी डोळेच मिटले. “शादी का माल है? संभालके ले जाओ,” म्हणून त्याने झाकण लावलं. चला, सुटलो.

पुढचा मुलूख पार सुकलेला. पाऊस दगा देऊन गेला होता. रानात ज्वारीची खुंटं, बाभळी आणि हाडं वर आलेली जनावरं. हद्दीपलीकडच्या शिरूरला भाकरी आणि लसणाची चटणी खाल्ली, दोन तांबे पाणी प्यायलो आणि सिंदफणेच्या कोरड्या पात्राशी आलो. पलीकडून एक शेतकरी हात हलवून ओरडत होता, “तिकडून नगं! वरल्या अंगानं या!”

मी कसला ऐकतोय! मोटार हाकणाऱ्याला गाडीवानाने वाट दाखवायची? सरळ लॉरी घातली आणि मधोमध चाकं आसापर्यंत वाळूत रुतली.

शेतकरी आला. त्याचं नाव रंभाजी. “कावून (का) ऐकलं न्हाई? म्या हात केलता न्हवं?”

मी मान खाली घातली. त्याने पलीकडच्या काठावरल्या आपल्या वस्तीवरून बैलांच्या दोन जोड्या आणल्या, दावी बांधली आणि तासाभरात लॉरी वर, त्याच्या दाराशी काढली. मी पैसे पुढे केले.

“पैसं बैलं खात्यात व्हय? त्या पेटीतून पेंढा लोंबतोय, त्यो द्या. चार दिस झालं, कडबा न्हाई घरात.”

मी मामांकडे पाहिलं. पेंढा गेला तर चुडा गेला! मला वाटलं, मामा पेटीवर आडवे पडतील. ते त्या बैलांच्या बरगड्यांकडे बघत राहिले. मग स्वतःच्या हाताने झाकण उघडलं. “घे बाबा. तुझ्या बैलांनीच माझी लेक वाचवली.”

बैलांनी पेंढ्याचा फडशा पाडला. आता बांगड्या कशात ठेवायच्या? रंभाजीची बायको पारूबाई घरात गेली आणि एक जाडजूड गोधडी घेऊन आली. “हिच्यात गुंडाळा. पोरीचं लगीन हाय.”

पुढचे सगळे कोस मी लॉरी पालखीसारखीच नेली, हे कबूल करतो. गेवराईत पोचलो तेव्हा दारात दिवे लावत होते. मामांनी गोधडी उलगडली आणि एकेक बांगडी मोजली. “एकही वाढली नाही रे!” ते रडत होते, हसतही होते. माझाही जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी मीठ उतरवलं, लग्नाचं जेवलो आणि परतीला निघालो. मामांनी कुठून कुठून जमवून लॉरीत कडबा भरून दिला होता, वर पारूबाईसाठी डझनभर हिरव्या बांगड्या. या वेळी नदीत वरच्या अंगानेच उतरायचं ठरवलं होतं, पण त्याआधी काठावर रंभाजीच्या दाराशी थांबलो.

रंभाजी दारात शेकोटीजवळ बसला होता. त्याने ना कडब्याकडे पाहिलं, ना बांगड्यांकडे. “पोरीचा चुडा?” एवढंच विचारलं.

“सगळा शाबूत.”

“लई ब्येस झालं!”

पारूबाईने गोधडी घेतली आणि तशीच अंगाभोवती लपेटली. माघाची थंडी अजून सरली नव्हती. “काल रातभर शेकोटीवरच काढली,” ती हसत म्हणाली.

मी उघड्या दारातून आत पाहिलं. वळकटी नव्हती, घोंगडंही नव्हतं. घरात पांघरूण ते तेवढं एकच होतं.