बिरोबाची छत्री आणि भिमाचा हात

सोलापूरहून जाताना कुंभारीच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडून आत वळलं की धनगरांची एक वस्ती लागते. तिथला भिमा देव मानत नाही, हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं आणि त्याचं कुणाला फारसं वाईटही वाटत नव्हतं. एखाद्याला वांगं चालत नाही, एखाद्याला शेंगदाण्यानं पित्त होतं, तसा भिमाला देव चालत नाही, एवढंच. जत्रेचं जेवण वाढताना लोक त्याला प्रसाद न म्हणता नुसता शिरा म्हणून वाढत, आणि तो दोनदा मागून घेई.

भिमा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या यंत्रमागावर कामाला होता. त्याच्या नास्तिकपणाची सुरुवात लहानपणी बाभळीच्या झाडाखाली झाली. थोरली बहीण मायाक्का बिरोबासाठी पुरणपोळीचा नैवेद्य करायची आणि तो देवळात पोचवायचं काम भिमाकडे असायचं. एकदा वाटेत बसून त्यानं तो खाल्ला आणि पोट दुखायची वाट बघितली. दुखलं नाही. पुढच्या अमावास्येला पुन्हा खाल्ला, तरी दुखलं नाही. त्यानंतर त्यानं वाट बघणंच सोडून दिलं.

मोठेपणी तो दर रविवारी जुळे सोलापुरात विरेश सरांच्या बैठकीला जाऊ लागला. सर कॉलेजात शिकवायचे. त्यांच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, मोटारी जरा बाजूला सरकवून, पाच-सहा माणसं खुर्च्या टाकून बसत आणि ईश्वर का नाही यावर जाड पुस्तकांतले दाखले देत. भिमा गप्प ऐकत राही. त्याचा दाखला पुरणपोळीचा होता, आणि तो सांगितला तर कधीतरी आक्काच्या कानावर जाईल अशी त्याला धास्ती होती. सर त्याला भिमराव म्हणत, पहिली खुर्ची देत. तेवढ्यासाठीसुद्धा रविवारी सायकल हाणत एवढं लांब जायला त्याचं मन घेई.

मायाक्काचं लग्न झालं, पण संसार वर्षभरातच मोडला. नवरा साप चावून गेला आणि ती माहेरी परत आली. आई नव्हतीच. भिमाला न्हाऊ-माखू घालण्यापासून त्याच्या लग्नाची बोलणी करण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. पुढं भिमाची बायको पोरांच्या शाळेसाठी आपल्या माहेरी, शहरात राहू लागली, तरी भिमाची भाकरी आक्काच थापत होती. चार शेरडं राखायची, बिरोबाचं देऊळ झाडायचं, हा तिचा दिवस. देवाशी तिचं बोलणं रोखठोक असे. शेरडू आजारी पडलं की ती झाडू हातात घेऊनच गाभाऱ्याच्या तोंडाशी उभी राही आणि म्हणे, दिवसभर बसूनच असतोस, जरा लक्ष ठेवायला काय होतं?

आणि ती छत्री शिवायची. चैत्रात बिरोबाची जत्रा भरते. पालखी देवळातून निघून ओढ्याकाठच्या विहिरीपर्यंत जाते, देवाला तिथल्या पाण्यानं अंघोळ घालतात, पालखी परत येते. पालखीवर लांब काठीची लाल छत्री धरायचा मान भिमाच्या घराण्याचा. छत्रीचं कापड दर साली नवं. ते मायाक्का शिवायची, झालर लावायची, झालरीला बारीक आरसे टाके घालून बसवायची. शिवून झालं की छत्री बापाच्या हाती द्यायची. तिथून पुढं तिनं तिला हात लावायचा नाही, अशी रीत.

पौषात बाप वारला. छत्री भिमाकडे आली.

एका संध्याकाळी भाकरी थापता थापता मायाक्का म्हणाली, “भिमा, यंदा छत्री मी धरू का रं?”

एवढंच. पुन्हा म्हणाली नाही. पण या बाईनं आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलेलं भिमाला आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो पंचांकडे गेला. पंचांत थोरले कोंडीबा आबा. भिमानं सरळ सांगितलं की मी देव मानत नाही, आक्का मानते, तर मान तिला द्या. आबांनी तंबाखू मळता मळता शांतपणे ऐकून घेतलं.

“तू मानत न्हाईस हे आमाला ठावं हाय की,” ते म्हणाले. “तुला कोण इचारतंय? छत्रीला घरातला गडी लागतो. बाकी त्याच्या डोस्क्यात काय हाय, त्याच्याशी देवाला काय करायचंय?”

नको असेल तर तसं सांग, असंही ते म्हणाले. मग छत्री चुलतभाऊ शिवराजच्या घरात जाईल, कायमची. म्हणजे कापड शिवायचं कामसुद्धा शिवराजच्या बायकोकडे जाणार. भिमा नको म्हणू शकत नव्हता आणि हो म्हणायची त्याला लाज वाटत होती.

रविवारी त्यानं ही अडचण बैठकीपुढे ठेवली. विरेश सरांना फार आनंद झाला. ते म्हणाले, हाच तो जन्मानं मिळणारा विशेषाधिकार. सोडून द्या. भिमा म्हणाला, सोडतो, पण बहिणीला देऊन. सरांचा चेहरा उतरला. विशेषाधिकार सोडायचा असतो, भिमराव, वाटायचा नसतो, असं त्यांनी समजावलं. शिवाय बहीण श्रद्धाळू, म्हणजे छत्री आणखीच घट्ट धरली जाणार. भिमाला वाटलं, सर इमारतीच्या गणपतीला पहिली आरती करतात, तीही सोडायला हवी की. पण ती सर शेजाऱ्यांचं मन राखायला करतात, हे त्यांनी आधीच एकदा सविस्तर सांगितलेलं होतं.

सर मनानं चांगले. भिमाची अडचण सोडवायला ते स्वतः स्कूटरवर वस्तीत आले आणि कोंडीबा आबांच्या ओट्यावर बसले. दोघं देवापासून सुरू झाले आणि पहिल्या पाच मिनिटांत एकमेकांवर नाराज झाले. मग छत्रीचा विषय निघाला आणि दोघांच्या ध्यानात आलं की मायाक्काला ती मिळू नये, याबद्दल आपलं पूर्ण एकमत आहे. आबांचं म्हणणं ती बाई आहे, सरांचं म्हणणं ती भाविक आहे. दुसरा चहा आला. निघताना दोघांनी एकमेकांचे फोन नंबर घेतले. मायाक्का समोरून शेरडं घेऊन गेली. तिला कुणी काही विचारलं नाही.

शेवटी भिमानं एक अट घातली. छत्री धरतो, पण उपास करणार नाही आणि अनवाणी चालणार नाही, कारण ते त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. पंच काळजीत पडले. छत्री धरणाऱ्यानं आदल्या दिवसापासून उपाशी राहावं आणि पायात काही घालू नये, हा जुना नियम. कुणीतरी उपाशी राहायलाच पाहिजे होतं. मायाक्का भिंतीआडून म्हणाली, मी राहते त्याच्या वाटचं. अनवाणी पण मीच चालते.

यावर पंचांत बराच खल झाला. उपास एकीचा आणि छत्री दुसऱ्याच्या हाती, तर पुण्य छत्रीपर्यंत पोचणार कसं? माउली म्हणून एक पंच होता, तो शहरात लाईट फिटिंगची कामं करायचा. त्यानं हा प्रश्न सोडवला. वायर जोडल्याशिवाय बल्ब लागत नाही, तो म्हणाला, तवा मायाक्कानं भिमाचा कोपर धरून चालावं. काठीला तिचा हात लागायचा नाही. मधे भिमा असला म्हंजे झालं. सगळ्यांना हे पटलं. आबांनी एवढंच बजावलं की पालखी उठल्यावर छत्री भुईला टेकता कामा नये, नाहीतर अख्ख्या वस्तीला प्रायश्चित्त पडेल.

जत्रेच्या दिवशी भिमा भाकरी आणि शेंगाची चटणी पोटभर खाऊन, चपला घालून आला. मायाक्का आदल्या सकाळपासून उपाशी होती. ढोल वाजले, भंडारा उधळला, पालखी उठली. भिमानं छत्री धरली, मायाक्कानं भिमाचा कोपर. लोकांनी आपापल्या परीनं दोघांचं कौतुक केलं. देवळापुढच्या लिंबाखाली विरेश सर दोघा मित्रांसह उभे होते. त्यांनी हात हलवला आणि पालखीच्या कडेकडेनं चालू लागले.

देवळापासून विहिरीपर्यंत मधला तुकडा डांबरी आहे. चैत्रातलं दुपारचं ऊन. भिमा मान वर करून छत्रीकडे बघत चालला होता. कोपरावरची आक्काची बोटं मधेच घट्ट होत, मधेच सैल. त्यानं खाली बघितलं. आक्का डांबरावर पुरं पाऊल टेकत नव्हती. टाचेवर, मग कडेवर, मग नुसत्या अंगठ्यावर, अशी ती चालत होती आणि ओठ मिटून देवाकडे बघत होती. तिच्या पावलांशेजारी त्याच्या नव्याकोऱ्या चपला.

भिमानं काही ठरवलं नव्हतं. त्याची बोटं उघडली.

छत्री कलली. मायाक्कानं कोपर सोडला आणि दोन्ही हातांनी काठी धरली. छत्री पुन्हा पालखीवर सरळ झाली, आरसे चकाकले. शिवराज पुढं झाला, पण आबांनी त्याला हातानं अडवलं. एकदा हात बदलला हीच आगळीक झाली होती, दुसऱ्यांदा बदलायची कुणाची छाती होईना. ढोल थांबले होते, ते पुन्हा सुरू झाले. मायाक्का पुढं चालली.

भिमा मागं राहिला. कुणीतरी हळूच म्हणालं, हात बधिर झाला वाटतं त्याचा. विहिरीपर्यंत पालखी पोचली तोवर तो खांद्यापासून बधिर झाला होता. परतीच्या वाटेवर त्याची वाचाही बसली होती, आणि देवळाशी येईपर्यंत भिमा एकदा पडून बिरोबाच्या नावानं उठला होता. भिमा हे सगळं चालता चालता ऐकत होता.

ऊन उतरल्यावर देवळापुढच्या पारावर पंच बसले. सगळी वस्ती गोळा झाली. आबांनी भिमाला समोर बोलावून बसवलं आणि गोष्ट नीट उलगडून सांगितली. त्यानं छत्री मुद्दाम सोडली असेल, तर तो देवाचा अपमान, आणि मान या घरातून जाणार. पण देवानंच त्याचा हात बधिर केला असेल, तर बिरोबानं आपणहून छत्री मायाक्काच्या हाती दिली, आणि मग ती तिच्याकडून काढून घेणारे आपण कोण?

भिमानं लिंबाकडे बघितलं. विरेश सर पुढं आले होते. त्यांनी बोटं उघडताना स्पष्ट पाहिली होती, आणि आता वस्तीसमोर एक चमत्कार जागच्या जागी मोडून पडणार म्हणून त्यांचा चेहरा उजळला होता. “बोला भिमराव,” ते म्हणाले. “जे झालं ते सांगा.”

भिमानं उजवा हात डाव्या हातानं उचलून मांडीवर ठेवला.

“बधिर झालता,” तो म्हणाला. “खांद्यापासनं.”

“खोटं बोलतोय त्यो.” मायाक्का उभी राहिली होती. उपाशी होती, पण आवाज खणखणीत होता. “सोडली त्यानं. मी बघितलं की. देवाच्या पारावर बसून देवाच्या नावावर काय बी खपवू नका.”

विरेश सर ताबडतोब म्हणाले की बाई बरोबर बोलतात, मीही पाहिलं. मायाक्कानं वळून त्यांच्याकडे बघितलं, सरांनी तिच्याकडे. आपण एका बाजूला आहोत हे दोघांनाही एकदमच कळलं आणि दोघंही अवघडून गेले.

पंच कुजबुजले. मग आबांनी निवाडा दिला. सर परगावचे आणि जेवून आलेले, त्यांची साक्ष धरता येत नाही. मायाक्का उपाशी, उन्हानं तिचे डोळे फिरले असणार. राहिला भिमा.

“भिमा नास्तिक हाय,” आबा म्हणाले. “त्यो देवाच्या बाजूनं खोटं कशाला बोलंल?”

छत्री मायाक्काच्या नावानं लागली, तिच्या हयातीपर्यंत. भंडारा उधळला गेला. विरेश सरांनी स्कूटर चालू केली आणि भिमाकडे न बघता गेले. पुढचा रविवार आला, तेव्हा भिमा सायकल काढून बराच वेळ दारात उभा राहिला आणि मग त्यानं ती पुन्हा भिंतीला लावली.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी घरी आल्यावर मायाक्कानं आधी पाय धुतले. पायाला तूप लावलं, उपास सोडला, त्याच्यापुढं ताट आदळलं. मग एकदम त्याच्यासमोर बसली आणि म्हणाली, हात दाखव.

त्यानं हात पुढं केला. तेवढ्यात शेजारची रंभाबाई भिंतीवरून डोकावली. तिला बधिर हात जवळून बघायचा होता.

मायाक्कानं दंडाचं मांस दोन बोटांत धरलं आणि त्याला लहानपणी चिमटा काढायची तसा काढला, पीळ देऊन.

“लागतंय का?” तिनं विचारलं.

रंभाबाई भिंतीवर आणखी पुढं झुकली होती. भिमाच्या डोळ्यांत पाणी आलं.

“न्हाय,” तो म्हणाला.

“आता?”

“न्हाय, आक्का.”

रंभाबाईनं हात जोडले. मायाक्कानं चिमटा आणखी थोडा वेळ तसाच धरून ठेवला, मग सोडला, आणि त्याच्या ताटात दुसरी भाकरी वाढली. भिमा डाव्या हातानं जेवला.