कुणी मागेपर्यंत न हलणारा माणूस

आळसाला शास्त्राचा दर्जा देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो दिल्लीत, मुनिरक्यात माझ्याच खोलीतल्या दुसऱ्या खाटेवर पडलेला असायचा. गुडगावात काचेच्या इमारती उठत होत्या, संगणकाचं बटण दाबता येणारा जो तो तिकडे नोकरीला धावत होता. आमचे हे परभणीकर मात्र संगणकशास्त्रात पीएचडी करत होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. स्पर्धा परीक्षेसाठी अख्खी राज्यघटना पचवली, पण याचा विषय काही पचला नाही.

"हे बघ भाऊ, कुणी मागेपर्यंत हिशेब करायचाच नाही. मागितला की एकदाच करायचा, मग तेच उत्तर सगळ्यांना. असे आळशी प्रोग्राम मी दुसऱ्या एका गणितात बसवतोय. तिथं सगळे एकाच वेळी चालतात नि एकमेकांना वस्तू देत नाहीत, कुठं मागायचं तो पत्ता देतात."

"अच्छा," मी म्हणायचो.

जगायचाही तसाच. कप पुढे केल्याशिवाय स्टोव्ह पेटवायचा नाही. पेटवला की थर्मास भरून अख्ख्या मजल्याला चहा. एकदा त्याच्या आईनं कुणा साहेबांबरोबर लाडू पाठवले. मी लाडू मागितला, तर यानं कोपर्निकस मार्गावरच्या गेस्ट हाउसातला खोली नंबर दिला. तिथं साहेबांनी आर. के. पुरममधल्या मेहुणीचा पत्ता दिला. बस बदलत, घामाघूम होऊन मी डबा आणला, तर हा खुशीत म्हणतो, "यार, तू माझ्या प्रबंधाचा अजून न लिहिलेला चौथा अध्याय चालून आलास."

पुढे फेलोशिप संपत आली. प्रबंधाचं एक पान लिहिलेलं नाही. ती संपली की हा रिकाम्या हातानं परभणीला. हा म्हणे, "सर मागतील तेव्हा लिहीन." मी त्याच्या गाईड सरांना गाठलं, तर ते म्हणाले, "वो लिखे तो मैं माँगूँ." यातला आळशी प्रोग्राम कोण, मला कळेना. शेवटी मीच खाटेसमोर हात पसरला.

"दे."

"काय?"

"प्रबंध. वाचायचाय."

"तुला कळणार नाही."

"ते माझं मी बघेन. मागतोय ना?"

तो उठला. पान लिहिलं. मी वाचलं, एक अक्षरही कळलं नाही, तरी पुढचं मागितलं. असं करत प्रबंध झाला, पदवी मिळाली, आणि तो परदेशी गेला. निघताना भेटवस्तू वगैरे काही नाही, फक्त तिकडचा पत्ता. "लागलं तर माग."

मला काही लागत नव्हतं, आणि न मागता तो काही पाठवणार नव्हता. दुसरी खाट मालकानं नेली. परवा मात्र राहवलं नाही. एका ओळीचं पत्र टाकलं: चौथा अध्याय परत एकदा समजावून सांग.